किमान अपेक्षा

लग्नाच्या बायोडेटात अगदी शेवटी ‘अपेक्षा’ नावाची एक ओळ असते. उंची, वर्ण, शिक्षण, गोत्र, मामाचं आडनाव असं सगळं सांगून झाल्यावर ही ओळ येते आणि खरी मेख तिथेच असते. ‘अपेक्षा : अनुरूप’ असं लिहिलं असेल, तर मुलाचं स्वतःचं घर हवं असतं. ‘अपेक्षा : किमान’ असं लिहिलं असेल, तर ते घर पुण्यातच हवं असतं, चिंचवड चालत नाही. मी चिंचवडला राहतो, तेव्हा यात अनुभव किती आणि ऐकीव किती हे सुज्ञांस सांगणे न लगे.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं स्थळही असंच येतं. नवी सिस्टीम बाजारात आली की तिच्यासोबत किमान अपेक्षांची यादी येते. प्रोसेसर अमुक, रॅम तमुक, डिस्कवर इतकी इतकी जागा. पुष्कळदा खाली ‘शिफारस’ म्हणून दुसरी यादी असते. पहिल्या यादीत बसलात तर मांडवात उभं राहायला मिळतं. संसार करायचा तर दुसरी यादी! या याद्यांविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज जाहीरपणे मांडणार आहे. दर काही वर्षांनी हे स्थळ आपल्याला सांगतं की तुमचं घर आता जुनं झालं, पाडा आणि नवं बांधा. भिंती पक्क्या असतात, छप्पर गळत नसतं, तरी आपण निमूटपणे कुदळ हातात घेतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी जुन्या कचेरीतला हेडक्लार्क आठवावा. हा गृहस्थ पैसे घेत नसे, देत नसे, कर्ज मंजूर करत नसे. पण तो रजेवर गेला की कचेरी चालायची बंद होई. कोणी कुठल्या टेबलावर बसायचं, कुठली फाइल कोणाला द्यायची, दोघांनी एकाच वेळी एकच रजिस्टर ओढलं तर आधी कोणाला, हे तो ठरवी. संगणकाच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टीम नेमकं हेच करते. पत्र टाइप करणारा प्रोग्रॅम वेगळा, हिशेब करणारा वेगळा. ही फक्त त्यांना जागा, वेळ आणि कागदपत्रं पुरवते. चांगल्या हेडक्लार्कची खूण एकच. तो आहे हे जाणवत नाही. जिथे त्याचंच टेबल सगळ्यात मोठं, त्याच्याच फायली सगळ्यांच्या टेबलांवर पसरलेल्या आणि त्यालाच दर अर्ध्या तासाला काहीतरी घोषणा करायची हौस, तिथे गिऱ्हाईक ताटकळत बसतं.

रॅम आणि डिस्क यांतला फरकही बँकेत पटकन कळतो. रॅम म्हणजे समोरचं टेबल आणि डिस्क म्हणजे तळघरातली रेकॉर्ड रूम. टेबलावरची फाइल हात लांबवला की मिळते. टेबल भरलं की मात्र एक फाइल खाली पाठवायची आणि दुसरी वर मागवायची, म्हणजे शिपायाच्या फेऱ्या सुरू. पडद्यावर ते जे गोल गोल फिरत असतं ना, तो जिन्यात अडकलेला शिपाई असतो! संगणक मंद झाला म्हणजे बहुधा प्रोसेसर मंद झालेला नसतो. टेबल पुरत नसतं. आणि टेबल का पुरत नाही, तर बरीचशी जागा हेडक्लार्कनंच अडवलेली असते.

आता हिशेब. मी बी.कॉम. आहे, कविता जमत नाही, पण बेरीज जमते. विंडोज ९५ ची किमान अपेक्षा ४ एमबी रॅमची होती. २००१ साली आलेल्या एक्सपीची ६४ एमबी. २००७ च्या व्हिस्टाची ५१२ एमबी. २००९ च्या विंडोज ७ ची १ जीबी. आणि २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबी, शिवाय डिस्कवर ६४ जीबी जागा. १९९५ ते २०२१, म्हणजे सव्वीस वर्षांत नुसत्या टेबलाची मागणी १०२४ पट वाढली. वाकडच्या जमिनीच्या दलालांनीसुद्धा एवढी हिंमत कधी केलेली नाही.

बदल्यात काहीच मिळालं नाही असं म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही. एके काळी संगणकावर मराठी अक्षर उमटवायचं तर सी-डॅकचं जिस्ट कार्ड तरी बसवावं लागे, नाहीतर श्रीलिपीसारखं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागे. आता ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ कुणाच्या शिफारशीशिवाय दिसतात. एक प्रोग्रॅम कोसळला तर सगळा संगणक आडवा होण्याचे प्रसंगही कमी झाले. हे सगळं जमेच्या बाजूला मांडलंच पाहिजे. पण मी ‘माननीय व्यवस्थापक यांस’ असं टाइप करतो तेव्हा ते १०२४ पट लवकर उमटत नाही. व्यवस्थापकांचं उत्तर तर नाहीच नाही.

‘प्रगती म्हटली की खर्च वाढणारच’ असं म्हणणारे लोक या टप्प्यावर हमखास उभे राहतात. त्यांनी दोन गोष्टी ऐकून घ्याव्यात. विंडोज ७ आली २००९ साली आणि विंडोज १० आली २०१५ साली. मध्ये सहा वर्षं गेली, तरी दोघींची रॅमची किमान अपेक्षा तीच राहिली : ३२ बिटच्या आवृत्तीला १ जीबी आणि ६४ बिटच्या आवृत्तीला २ जीबी. म्हणजे मनात आणलं तर जमतं. दुसरी गोष्ट ॲपलची. २००९ साली त्यांनी ‘स्नो लेपर्ड’ नावाची आवृत्ती आणली आणि भर सभेत सांगितलं की हिच्यात नवीन सोयी शून्य! डिस्कवरची जागा तिला आधीच्या आवृत्तीच्या जवळजवळ निम्मीच लागत होती. लग्नात ‘आम्हाला काही नको, उलट तुमचं जुनं भांडं परत घ्या’ म्हणणारा वरपक्ष असावा, तसा हा प्रकार. अर्थात त्याच स्नो लेपर्डनं ॲपलच्या जुन्या पॉवरपीसी यंत्रांना दारातूनच परत पाठवलं, हेही सांगायला हवं. वरपक्ष तो वरपक्षच.

या रोगाचं निदान फार पूर्वी झालेलं आहे. निकलाउस विर्थ नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं, ज्यानं पास्कल ही संगणकीय भाषा तयार केली, १९९५ सालीच लेख लिहून बजावलं होतं की यंत्रं ज्या वेगानं जलद होतात त्याहून अधिक वेगानं सॉफ्टवेअर मंद होत जातं. विर्थ १ जानेवारी २०२४ रोजी वारले. तोवर त्यांचं म्हणणं खोटं ठरवण्याची तसदी कोणी घेतल्याचं दिसलं नाही.

वेगाची गंमत ज्याला समजून घ्यायची असेल त्यानं संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहावं. या पट्ट्यात मर्सिडीज तयार होते, फोक्सवॅगन तयार होते, महिंद्राच्या गाड्या तयार होतात. कागदावर यांचे वेग वाचले तर नाशिक म्हणजे तासाभराचं काम वाटावं. प्रत्यक्षात नवीकोरी गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडते आणि पाण्याच्या टँकरमागे उभी राहते. टँकरच्या पुढे कंटेनर असतो, कंटेनरच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर. इंजिन वाढवून ही कोंडी सुटेल काय? संगणकाच्या दुकानात मात्र आपल्याला दर वेळी मोठं इंजिनच विकलं जातं. पुढचा ट्रॅक्टर कोणी हलवत नाही, कारण तो ट्रॅक्टर विकणाऱ्याचाच असतो.

इथपर्यंतची तक्रार पैशाची आणि वेळेची होती. ती सोसता येते. बँकेत आम्ही याहून पुष्कळ सोसतो. खरी तक्रार तारखेची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. १३ तारखेला रात्री जो संगणक ठणठणीत होता, तो एका तारखेनं थकलेला ठरला. त्यावर विंडोज ११ घालावी म्हटलं तर तिची अपेक्षा नुसत्या रॅमची नाही. तिला टीपीएम २.० नावाची सोय हवी आणि प्रोसेसर तिच्या यादीतला हवा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर यादीबाहेर आहेत, आणि ही आठवी पिढी आली २०१७ साली. म्हणजे २०१६ साली ऐन उमेदीत घेतलेलं यंत्र, आठ जीबी रॅम असली तरी, पत्रिका जुळत नाही म्हणून नापसंत. मग घरगुती गिऱ्हाइकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. तीस डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या भांडारात ठेवायला तयार असाल तर फुकट. मुदतवाढीचे अर्ज मी रोज बघतो. पण यंत्र आपलं आणि मुदतवाढ दुसऱ्यानं द्यायची, हा प्रकार जरा विरळा.

भोसरीच्या एमआयडीसीत असं कोणी बोलून तर बघावं! तिथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये एचएमटीचे जुने लेथ अजून जॉब काढताना दिसतात. लेथ म्हातारा झाला की नाही हे तिथे पत्र येऊन ठरत नाही. डायल गेज लावतात, बेड किती झिजला ते बघतात, स्पिंडल किती हलतं ते बघतात. माप चुकत असेल तर दुरुस्ती, आणि दुरुस्तीपलीकडे गेला तर भंगार. निर्णय मालकाचा आणि पुरावा गेजचा. लेथ बनवणाऱ्यानं फोन करून ‘उद्यापासून तुमचा लेथ म्हातारा’ असं सांगितलं, तर भोसरीचा शेठ त्याला कोणत्या भाषेत उत्तर देईल हे या संग्रहात छापता येणार नाही.

आयकर खात्याला आपण निर्दय म्हणतो. पण घसाऱ्याच्या तक्त्यात तेही इतकं कठोर नाही. साधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के आणि संगणकाला ४० टक्के. २०१७ पूर्वी तर संगणकाला ६० टक्के घसारा होता. म्हणजे खुद्द आयकर खात्यानं संगणकाचं आयुष्य वाढवून दिलं! शिवाय ही टक्केवारी दर वर्षी उरलेल्या रकमेवर लागते. ४० हजारांचा संगणक ४० टक्क्यांनी पाच वर्षांत ३,११० रुपयांवर येतो आणि नऊ वर्षांत ४०३ रुपयांवर. ४०३ का होईना, शून्य होत नाही. शून्य करण्याचं काम एका तारखेनं केलं. २०२३ च्या डिसेंबरात कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं अंदाज दिला होता की या बदलामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. आमच्याकडे तर भंगाराचीही पंचाईत; चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची दुकानं आणि गोदामं महापालिकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडून टाकली.

‘पण सुरक्षेचं काय?’ असा प्रश्न आता येईल, आणि तो रास्त आहे. मी बँकेतला माणूस आहे, कुलपाची टिंगल मी करणार नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव जगभर पसरला तेव्हा रेनॉसारख्या मोटार कंपनीला काही कारखान्यांतलं काम थांबवावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’नं न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. चाकणचा माल परदेशी जातो तो याच बंदराच्या वाटेनं. एक्सपीचा आधार २०१४ साली संपला होता, तरी ती एटीएममध्ये ठाण मांडून होती; शेवटी रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या बँकांना जून २०१९ पर्यंतची मुदत दिली. योग्यच केलं. आधार संपलेली सिस्टीम इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे तिजोरी उघडी टाकून जेवायला जाणं. टीपीएमसुद्धा थोतांड नव्हे. संगणकाच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या, बंदोबस्तात ठेवायची ती सोय आहे.

माझा मुद्दा असा की सुरक्षेचा खर्च आणि थाटामाटाचा खर्च ही दोन वेगळी खाती आहेत, आणि ती एकाच व्हाउचरवर नावे टाकली जातात. भिंतीला भोक पडलं तर ते बुजवा. त्यासाठी दिवाणखाना मोठा करायची गरज नसते. पुरावा हवा? वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला त्याची डागडुजी मार्च २०१७ मध्येच निघाली होती, पण ती चालू आधार असलेल्या आवृत्त्यांसाठी. हाहाकार उडाल्यावर मात्र, आधार संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही कंपनीनं डागडुजी काढली, तीही फुकट आणि एका दिवसात. म्हणजे ६४ एमबीच्या म्हाताऱ्या घरालाही कुलूप बसवता येत होतं. अडचण घराची नव्हती, सुताराच्या मर्जीची होती.

पर्याय कोणता, असं विचाराल तर लिनक्सचं नाव घ्यावं लागतं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तिचा गाभा लिहिला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या वयात मी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतो. लिनक्स म्हणजे विक्षिप्त मंडळींचा उद्योग असा एक समज आहे. पण जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. म्हणजे सगळ्यात मोठ्या यंत्रात ती आणि खिशातल्या यंत्रातही तीच.

निगडीला माझा भाचा राहतो. त्यानं आमच्या घरचा २०१२ सालचा संगणक एका रविवारी उघडला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि वर लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घातली. ‘मामा, मशीन ठणठणीत आहे. डोक्यावरचं ओझं उतरवलं, एवढंच,’ तो म्हणाला. श्रेयाची वाटणी करायची तर निम्म्याहून अधिक एसएसडीला द्यावं लागेल. रेकॉर्ड रूम तळघरातून उचलून शेजारच्या खोलीत आणली की शिपाई धावतोच. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत मी चहा करत असे. आता चहा करायला सबब उरली नाही, आणि प्रगतीचा हा एक परिणाम हिला अजिबात पसंत पडलेला नाही.

पण लिनक्सवाल्यांनीही फार हुरळू नये. लिनक्स ही एक सिस्टीम नाही, ती आळंदीहून निघालेली वारी आहे. विठोबा सगळ्यांचा एक, पण दिंड्या शेकडो आणि प्रत्येकाला आपलीच दिंडी खरी वाटते. त्यांतही खादाड आहेत. उबंटूच्या २४.०४ या आवृत्तीची अपेक्षा ४ जीबी रॅमचीच आहे, म्हणजे विंडोज ११ इतकीच. मिंट २ जीबीवर चालू होते, पण ४ बरी म्हणून सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं जुन्या ३२ बिटच्या यंत्रांवर स्वतःची स्थापना करणं बंद केलं. आणि सिस्टीम कितीही हलकी असो, ब्राउझरमध्ये वीस पानं उघडी ठेवलीत तर टेबल भरणारच. तिथे हेडक्लार्क निर्दोष, पसारा तुमचा. शिवाय आमच्या पट्ट्यात सगळ्यात मोठी अडचण टॅलीची. टॅली प्राइम विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ती सरळ चालत नाही. भोसरीच्या शेठला तुम्ही घर बदलायला सांगू शकता, गाव बदलायला सांगू शकता. टॅली बदलायला सांगू शकत नाही.

जिथे टॅलीची अडचण नाही, तिथलं काय? केरळमधल्या सरकारी शाळांनी हा निर्णय कधीच घेतला. दोन लाखांहून अधिक संगणक तिथे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथली मुलं अडाणी राहिल्याचं ऐकिवात नाही. आपलं सी-डॅक तर पुण्याचं. त्यांच्या चेन्नई केंद्रानं लिनक्सवर बेतलेली ‘बॉस’ नावाची भारतीय सिस्टीम २००७ सालीच काढली. नावात ‘बॉस’ असूनही सरकारी कचेऱ्यांत तिला कोणी फारसं उठून उभं राहिलं नाही, हा आपल्या कचेऱ्यांच्या इतिहासातला एकमेव प्रसंग असावा.

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्या किमान आहेत. एक, अपेक्षांची यादी छापताना सुरक्षेसाठी काय लागतं आणि सजावटीसाठी काय लागतं हे दोन रकान्यांत लिहा. कोणता रकाना भरायचा ते गिऱ्हाईक बघेल. दोन, जिथे जनतेचा पैसा आहे, म्हणजे शाळा, कचेऱ्या, ग्रंथालयं, तिथे नवा संगणक मंजूर करण्याआधी जुन्यावर हलकी सिस्टीम घालून महिनाभर चालवून बघा आणि त्याचा अहवाल फाइलला लावा. तीन, यंत्र म्हातारं झालं हे ज्याचं यंत्र त्यानं, गेज लावून ठरवावं.

तारखेनं निवृत्त करायची पद्धत आम्हा बँकवाल्यांना नवी नाही. साठ पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि चार भाषणं. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या माणसाची बेरीज अगदी बरोबर येत असते. पण त्याला निदान घरी जाऊ देतात. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो, पाण्याच्या टाकीचा हिशेब उकरून काढतो आणि पुढची पंधरा वर्षं अख्ख्या बिल्डिंगला धारेवर धरतो. संगणकालाही एवढी मुभा असावी, इतकंच माझं म्हणणं आहे. शाल आणि नारळ नसले तरी चालेल.